नमनाला घडाभर तेल

ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता नि सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, करायची दुरुस्ती एका ओळीची असते. एरर मेसेजमधला एखादा शब्द चुकलेला असतो, किंवा एखाद्या अटीत ‘पेक्षा मोठं’ आहे तिथे ‘पेक्षा मोठं किंवा समान’ हवं असतं. चूक डोळ्यांना दिसते, बोटं शिवशिवतात, आणि मग प्रोजेक्टच्या माहितीत एक निरुपद्रवी वाक्य भेटतं: आधी डेव्हलपमेंट एन्व्हायरन्मेंट (कोड बांधून चालवायला लागणारी साधनं) लावून घ्या. त्या वाक्यापासून त्या एका ओळीपर्यंत पोचायला कधी अर्धा तास लागतो, कधी दोन दिवस. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. कोड कळला नाही म्हणून परत फिरलेल्यांपेक्षा या उंबऱ्यावरच दमून परत फिरलेले मला जास्त दिसतात.

तरी हे तेल फुकट गेलं असं मला वाटत नाही. प्रोजेक्ट कशावर उभा आहे, कुठल्या गोष्टी त्याने गृहीत धरल्या आहेत, त्याच्या माणसांना कशाची सवय झाली आहे, हे सगळं मशीन लावताना जितकं उघडं पडतं तितकं नंतर कधीच पडत नाही. फक्त तेल कुठे जाळायचं आणि कुठे वाचवायचं, हे माहीत हवं.

मुळात इतकं लागतं कशाला? वापरणाऱ्याला तयार पॅकेज मिळतं. ते दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या मशीनवर कंपाइल केलेलं असतं. बनवणाऱ्याला कोड मशीनच्या भाषेत नेणारा कंपायलर लागतो, ते तुकडे जोडणारा लिंकर लागतो, आणि ज्या लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला आयता कोड) प्रोजेक्ट वापरतो त्यांच्या हेडर फाइली, म्हणजे त्यांत काय काय आहे हे कंपायलरला सांगणाऱ्या फाइली, लागतात. लिनक्सच्या डेबियन आणि उबंटू या वितरणांमध्ये एकाच लायब्ररीची दोन पॅकेजं असतात: एक चालवण्यासाठी, दुसरं ‘-डेव्ह’ शेपटीचं, ज्यात हेडर असतात. फेडोरात हीच शेपटी ‘-डेव्हेल’ होते. नवख्याची पहिली ठेच इथे. ‘पायथॉन.एच सापडली नाही’ असा एरर येतो आणि माणूस चक्रावतो, कारण पायथॉन तर मशीनवर आहे, आत्ता चालवून पाहिली. पायथॉन आहे, तिचे हेडर नाहीत. ‘पीजी-कॉन्फिग सापडत नाही’ हे त्याचंच भावंड. तिथे पोस्टग्रेस हा डेटाबेस अख्खा उतरवायची गरज नसते, ‘लिबपीक्यू-डेव्ह’ एवढं एक पॅकेज पुरतं. ‘सापडली नाही’च्या आधी जे नाव आहे ते प्रोग्रॅमचं, हेडरचं की लायब्ररीचं, एवढं ओळखता आलं की अर्धं काम झालं.

एक प्रोजेक्ट जवळून बघू. सीपायथॉन, म्हणजे पायथॉनचा सी भाषेतला मूळ अवतार. २०१७ च्या फेब्रुवारीत हा कोड मर्क्युरिअल सोडून गिटवर आला; दोन्ही कोडचा इतिहास सांभाळणारी साधनं. बिल्डची, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बांधण्याची, रीत दिसायला सोपी आहे: रेपो (कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेलं फोल्डर) क्लोन करा, म्हणजे त्याची प्रत आपल्या मशीनवर आणा, आत जाऊन ‘./कॉन्फिगर --विथ-पायडीबग’ चालवा, मग ‘मेक -जे’ आणि पुढे मशीनच्या कोअरचा आकडा. हा आकडा गाळू नये. नुसतं ‘-जे’ दिलं तर मेक एका वेळी किती कामं काढायची याला मर्यादाच ठेवत नाही, आणि लहान मशीन गुदमरतं. ‘--विथ-पायडीबग’ही गाळू नये. त्याने बनलेली पायथॉन संथ चालते, पण सी कोडमधल्या असर्ट (कोडने स्वतःवर ठेवलेल्या तपासण्या) जाग्या राहतात, आणि एखादी वस्तू कितीजण वापरताहेत हे, म्हणजे संदर्भ, मोजण्यातली गफलत पकडणं सोपं जातं. हा फ्लॅग (कमांडला जोडलेला पर्याय) विसरलेल्यांच्या मशीनवर सगळं हिरवं दिसतं आणि पॅच, म्हणजे केलेला बदल, पाठवल्यावर प्रोजेक्टच्या सर्व्हरवर लाल होतं.

मेक संपतं. बिल्ड झाल्याच्या आनंदात शेवटच्या काही ओळी वाचायच्या राहून जातात, आणि नेमकं तिथेच लिहिलेलं असतं की अमुक ऐच्छिक मॉड्यूल बनवायला लागणारे तुकडे मिळाले नाहीत. खाली यादी: बीझेड२, एलझेडएमए, एसक्यूलाइट३, टीकेइंटर. कधी एसएसएलही. हा एरर नव्हे. पायथॉन बनलेली आहे, आणि दोन अधिक दोनचं उत्तर चार देते. पण सुरक्षित जोडणीचं एसएसएल नसेल तर पायथॉनची पॅकेजं आणणाऱ्या पिपला काही उतरवता येत नाही, आणि एसक्यूलाइट नसेल तर त्याच्या टेस्ट ‘वगळल्या’ अशा नोंदीने निघून जातात. वगळलेली टेस्ट पास झालेली नसते, हे लक्षात ठेवायची सवय इथूनच लावावी.

डेबियन-उबंटूवर यावर एक छान उपाय आहे: ‘ॲप्ट बिल्ड-डेप पायथॉन३’. वितरणाच्या लोकांनी पायथॉनचं पॅकेज बनवायला जे जे लागलं ते सगळं एका फटक्यात बसतं. पण पहिल्यांदा चालवली तर ही कमांड बहुधा तक्रार करते की सोर्सच्या यादीत ‘डेब-एसआरसी’ नाही. उबंटू २४.०४ मध्ये ती यादी ‘उबंटू.सोर्सेस’ नावाच्या फाइलीत असते. तिथे ‘टाइप्स: डेब’ या ओळीत पुढे ‘डेब-एसआरसी’ जोडायचं, ‘ॲप्ट अपडेट’ करायचं, मग पुन्हा तीच कमांड. पॅकेजं बसली की आधी कॉन्फिगर परत चालवायचं आणि मग मेक. नुसत्या मेकने काही फरक पडत नाही, कारण मशीनवर काय आहे नि काय नाही याची नोंद कॉन्फिगरने मघाशीच करून ठेवलेली असते आणि मेक त्या जुन्या नोंदीवर विश्वास ठेवतं.

बनलेली पायथॉन त्याच फोल्डरमध्ये असते. ‘मेक इन्स्टॉल’ करू नये, गरजच नाही. उलट ‘/यूएसआर/लोकल’मध्ये एक अर्धवट पायथॉन जाऊन बसते आणि दुसरीच कामं बिघडवते. चालवायची ती ‘./पायथॉन’ अशी, नावाआधीचं टिंब आणि तिरकी रेघ धरून. मॅकवर मात्र ‘./पायथॉन.ईएक्सई’ शोधावी लागते. मॅकवर विंडोजची शेपटी बघून माणूस बुचकळ्यात पडतो, पण कारण साधं आहे: रेपोमध्ये मोठ्या ‘पी’चं पायथॉन नावाचं फोल्डर आधीच आहे, आणि मॅकची फाइल सिस्टीम सहसा लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही. एकाच नावाचं फोल्डर आणि फाइल एकत्र नांदणार कसे? म्हणून शेपटी. अशा एका विचित्र नावामागे केवढी व्यवहारी तडजोड असते, हे बघायला मला आवडतं.

त्या टिंब-तिरक्या रेघेचं महत्त्व सगळ्याच प्रोजेक्टना लागू आहे. ती विसरली की मशीनवरची जुनी, आयती पायथॉन चालते. मग तुम्ही कोड बदलता आणि काहीच बदलत नाही. पुन्हा बदलता, तरी काही नाही. स्वतःच्या बुद्धीवर शंका यायला लागते. यावरचा उतारा म्हणजे सुरुवातीलाच मुद्दाम काहीतरी मोडायचं. ज्या फाइलीत पुढे काम करायचं आहे तिच्यात एक अर्थहीन शब्द टाकायचा, बिल्ड करायचा आणि चालवायचं. फुटलं तर उत्तम: चालतोय तो कोड तुमचाच आहे. फुटलं नाही तर चालतंय ते दुसरंच काहीतरी आहे, आणि हे आत्ता कळलेलं बरं. दोन मिनिटांची ही चाचणी मी तरी कुठल्याही साधनापेक्षा वरची मानतो.

पायथॉनमध्ये लिहिलेल्या लायब्ररींना हाच रोग वेगळ्या रूपात होतो. तिथे ‘पिप इन्स्टॉल -ई .’ असं करायचं असतं. शेवटचं टिंब म्हणजे हे फोल्डर, आणि ‘-ई’ म्हणजे कॉपी न करता इथूनच वापर. ‘-ई’ राहिलं तर कोडची एक प्रत आत कुठेतरी जाऊन बसते आणि तुम्ही बाहेरची प्रत रंगवत राहता. हे सगळं करायचं व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंटमध्ये, म्हणजे या एका प्रोजेक्टपुरती पॅकेजं वेगळी ठेवणाऱ्या फोल्डरमध्ये. ‘व्हेन्व्ह’ हे मॉड्यूल पायथॉनच्या ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून सोबतच येतं, त्यामुळे वेगळं काही उतरवावं लागत नाही. डेबियनकडे मात्र तेही निराळ्या पॅकेजात असतं. डेबियन १२ पासून मशीनच्या पायथॉनमध्ये थेट पिप चालवलं तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ असा नकार मिळतो. तो नकार मोडून काढणारा फ्लॅग आहे आणि त्याचं नावच ‘ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस’ असं ठेवलं आहे. इतकं स्पष्ट नाव वाचूनही जो पुढे जातो त्याला काय सांगायचं?

आता माहितीबद्दल. रीडमी आणि कॉन्ट्रिब्यूटिंग या दोन फाइली वाचाव्यातच, पण त्यांच्यावर फार विसंबू नये. त्या लिहिणाऱ्यांची मशीनं कित्येक वर्षांपूर्वी लावून झालेली असतात. कुठलं पॅकेज कधी बसवलं हे त्यांनाही आठवत नाही, आणि ते नसताना काय होतं हे बघायची वेळ त्यांच्यावर परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी एखादी डिपेन्डन्सी (प्रोजेक्टला लागणारी दुसरी लायब्ररी) वाढली, सगळ्यांनी आपापल्या मशीनवर बसवली, माहितीत लिहायची राहून गेली. यात कुणाचा आळस नसतो. सवयीच्या घरात उंबरा दिसेनासा होतो, तसं.

खरी, ताजी माहिती असते ती सीआयच्या, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप बांधून तपासणाऱ्या यंत्रणेच्या, फाइलीत. गिटहबवरच्या प्रोजेक्टमध्ये ‘.गिटहब’ फोल्डरमधलं ‘वर्कफ्लोज’ उघडावं. तिथल्या यामल फाइलींत (यामल ही सेटिंग लिहायची एक पद्धत) रोज, प्रत्येक पॅचमागे, एक कोरं करकरीत मशीन शून्यापासून लावलं जातं: कुठली उबंटू, कुठली पायथॉन किंवा जावास्क्रिप्ट चालवणारं नोड, ‘ॲप्ट’ने नेमकी कुठली पॅकेजं, टेस्टची कमांड कुठल्या फ्लॅगसकट. माहितीचं पान जुनं झालं तर कुणी ओरडत नाही. ही फाइल जुनी झाली तर त्याच दिवशी सगळ्यांचं काम अडतं. म्हणून दोहोंत विसंगती दिसली की यामलवर विश्वास ठेवावा. एकच सावधगिरी: सीआयच्या तयार मशीनवर बरंच काही आधीपासून बसवलेलं असतं आणि ते यामलमध्ये दिसत नाही.

आवृत्त्यांचा घोळ हा पुढचा. प्रोजेक्टच्या मुळाशी ‘.एनव्हीएमआरसी’, ‘.पायथॉन-व्हर्जन’ किंवा ‘रस्ट-टूलचेन.टॉमल’ अशी छोटी फाइल असेल तर तिच्यातला आकडा तंतोतंत पाळावा. ‘नवीन म्हणजे चांगलं’ हा न्याय इथे चालत नाही. जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी पॅकेज-लॉक फाइल असताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरावं. पहिली कमांड लॉक फाइलच बदलू शकते, आणि मग तुमच्या एका ओळीच्या दुरुस्तीसोबत शेकडो ओळींची नको असलेली खोगीरभरती पॅचमध्ये जाते. दुसरी लॉकमध्ये लिहिलेलं तेवढंच आणते, आणि जुळत नसेल तर सरळ थांबते.

खोगीरभरतीवरून एडिटर आठवला. सेव्ह करताना आपोआप फॉरमॅट करणारी सोय दुसऱ्याच्या रेपोत शिरण्याआधी बंद करावी, किंवा प्रोजेक्टचा स्वतःचा फॉरमॅटर आणि ‘.एडिटरकॉन्फिग’ असेल तर तेच लागू आहे याची खात्री करावी. मेकफाइलमध्ये तर कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, आठ स्पेस चालत नाहीत. मेक १९७६ सालचं, आणि ही अट तेव्हापासूनची. एडिटरने टॅबचे स्पेस केले की ‘मिसिंग सेपरेटर’ असा एरर येतो. त्यात टॅबचं नाव बहुधा नसतंच, आणि डोळ्यांना तर दोन्ही सारखेच कोरे.

असाच न दिसणारा दुसरा शत्रू म्हणजे ओळीचा शेवट. विंडोजवर ओळ दोन अक्षरांनी संपते, लिनक्स आणि मॅकवर एका. विंडोजवरचं गिट फाइली उतरवताना ओळींचे शेवट बदलू शकतं. मग तीच शेल स्क्रिप्ट लिनक्सच्या कंटेनरमध्ये (मशीनच्या आत वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त सिस्टीममध्ये) चालवली की ‘बॅड इंटरप्रीटर’ म्हणून रडते आणि बॅशच्या नावापुढे एक ‘^एम’ चिकटलेला दिसतो. प्रोजेक्टने ओळींचे शेवट ठरवून देणारी ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ फाइल नीट लिहिली असेल तर हा प्रश्न येत नाही. विंडोजवर काम करायचं तर डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) घ्यावं, आणि रेपो लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवावा. ‘/एमएनटी/सी’खाली, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर, ठेवला तर प्रत्येक फाइल दोन सिस्टीमच्या सीमेवरून ये-जा करते, आणि हजारो बारक्या फाइलींच्या प्रोजेक्टमध्ये तेच काम कित्येक पट रेंगाळतं.

गिटची मांडणी बहुतेकांना माहीत असते: मूळ रेपोचा फोर्क, म्हणजे आपल्या खात्यातली प्रत, करायचा, फोर्क क्लोन करायचा, तो ‘ओरिजिन’, मूळ रेपो ‘अपस्ट्रीम’ नावाने जोडायचा, काम मेन या मुख्य ब्रांचवर (कोडच्या फांदीवर) न करता वेगळ्या ब्रांचवर. बारकावे मात्र चावतात. घाई म्हणून ‘--डेप्थ १’ देऊन उथळ क्लोन केला तर डाउनलोड झटपट होतं, पण इतिहास आणि टॅग (आवृत्त्यांना दिलेल्या खुणा) येत नाहीत. अनेक प्रोजेक्ट स्वतःची आवृत्ती टॅगवरून काढतात. टॅग नसले की आवृत्ती ‘०+अनटॅग्ड’ अशी काहीतरी ठरते, आणि मग दुसरी एखादी लायब्ररी म्हणते की ही फार जुनी आहे, मी हिच्यासोबत चालणार नाही. एरर आवृत्तीचा, कारण क्लोनचं. जुन्या फोर्कवरही असंच होतं, कारण फोर्क केल्यानंतर मूळ रेपोत आलेले टॅग आपसूक येत नाहीत; ‘गिट फेच अपस्ट्रीम --टॅग्ज’ करावं लागतं. डाउनलोड खरंच जड असेल तर ‘--फिल्टर=ब्लॉब:नन’ बरं. त्यात इतिहास पूर्ण येतो, जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हा मागवला जातो. कुठली ओळ कुणी लिहिली हे दाखवणारं ‘गिट ब्लेम’ मात्र मग दम खात चालतं.

एखादं फोल्डर रिकामंच दिसलं तर सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेले दुसरे रेपो) राहिलेत: ‘गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह’. एखादं चित्र उघडत नसेल आणि त्याच्या जागी तीन ओळींची मजकूर फाइल असेल तर ते मोठ्या फाइली वेगळ्या ठेवणाऱ्या गिट एलएफएसचं काम. एलएफएस बसवून ‘गिट एलएफएस पुल’ करायचं.

मशीनची ताकद हा नाजूक विषय. सगळ्यांकडे मोठं मशीन नसतं आणि माहितीच्या पानांना याचा विसर पडतो. क्रोमियम ब्राउझर बांधायचा तर त्यांच्याच माहितीप्रमाणे किमान ८ जीबी मेमरी आणि १०० जीबी मोकळी डिस्क लागते. एलएलव्हीएम या कंपायलरच्या प्रोजेक्टचा डीबग बिल्ड (चुका शोधायची जादा माहिती असलेला) कंपाइल होताना नीट चालतो आणि लिंक करताना कोसळतो, कारण डीबगची माहिती धरून एकेक लिंक बऱ्याच जीबी मेमरी मागतो आणि असे अनेक लिंक एकदम सुरू होतात. स्क्रीनवर फक्त ‘किल्ड’ हा शब्द येतो, किंवा १३७ हा आकडा. १३७ म्हणजे १२८ अधिक ९. नववा सिग्नल म्हणजे ठार करण्याचा. मेमरी संपली म्हणून कर्नलने, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याने, तो प्रोग्रॅम मारलेला असतो. यात कोडचा दोष शोधत बसू नये. समांतर कामं कमी करावीत, डीबगऐवजी रिलीज बिल्ड घ्यावा, आणि एलएलव्हीएम मेकऐवजी निन्जाने बांधत असाल तर ‘पॅरलल लिंक जॉब्ज’ हा पर्याय १ वर ठेवावा. कंपाइल तसंच समांतर चालतं, लिंक तेवढे एकेक होतात.

फायरफॉक्सने लहान मशीनवाल्यांसाठी सुरेख वाट ठेवली आहे. ‘./माक बूटस्ट्रॅप’ चालवलं की तो विचारतो, कशावर काम करणार? बटणं, मेनू, जावास्क्रिप्ट एवढंच बदलायचं असेल तर ‘आर्टिफॅक्ट बिल्ड’ निवडायचा. सी++ आणि रस्टचा सगळा भाग आधीच कंपाइल केलेला उतरवून मिळतो. सगळं स्वतः बांधलंच पाहिजे हा हट्ट सोडला की तेल पुष्कळ वाचतं. सी-सी++ च्या इतर प्रोजेक्टना कंपाइल झालेलं जपून ठेवणारा ‘सीकॅश’ पहिल्याच दिवशी लावावा. पहिल्या बिल्डला तो काही देत नाही. ब्रांच बदलून परत आल्यावर होणाऱ्या दहाव्या बिल्डला देतो.

काही एरर सरळ खोटं बोलतात. वेबच्या प्रोजेक्टमध्ये फाइलींवर नजर ठेवणारा सर्व्हर सुरू करताना ‘एनोस्पीसी’ येतो, म्हणजे शब्दशः जागा संपली. डिस्क बघावी तर अर्धी रिकामी. संपलेली असते ती फाइलींवर किती पहारे ठेवायचे याची कर्नलची मर्यादा. जुन्या कर्नलमध्ये ती ८१९२ होती, आणि एका बऱ्यापैकी प्रोजेक्टचं उतरवलेल्या पॅकेजांचं नोड-मॉड्यूल्स फोल्डर ती सहज गिळतं. ‘सिस-सीटीएल’ या कमांडने ‘मॅक्स-यूजर-वॉचेस’ ५२४२८८ वर न्यायची, काम झालं. मॅकवर पोर्ट ५००० वर सर्व्हर उठत नसेल तर मॅकओएस मॉन्टेरेपासून एअरप्लेचा रिसीव्हर ते पोर्ट धरून बसतो, हे आठवावं.

एरर वाचायचा तो वरून. शेवटची ओळ बहुतेक वेळा ‘अमुक पायरी फसली’ एवढंच सांगते. मूळ दुखणं दोनशे ओळी वर असतं. समांतर बिल्डमध्ये तर अनेक कामांचं बोलणं एकमेकांत मिसळतं, म्हणून फुटल्यावर तोच बिल्ड ‘-जे १’ने परत चालवावा, झालेलं काम परत होत नाही आणि फुटणारी जागा एकटी समोर येते. लॉग फाइलीत साठवताना एक गोम आहे: एररचा प्रवाह वेगळा वाहतो. साध्या उभ्या रेघेने ‘टी’ या, स्क्रीन आणि फाइल दोन्हीकडे लिहिणाऱ्या, कमांडकडे पाठवलं तर स्क्रीनवर सगळं दिसतं पण फाइलीत एररच नसतो. बॅशमध्ये ‘मेक |& टी बिल्ड.लॉग’ लिहावं. आणि कॉन्फिगर फसला तर त्याच फोल्डरमधली ‘कॉन्फिग.लॉग’ उघडावी, त्याने कुठला चिमुकला प्रोग्रॅम कंपाइल करून पाहिला आणि कंपायलर काय म्हणाला, ते तिथे अक्षरशः लिहिलेलं असतं.

कंटेनरने हे सगळं मिटतं, असं म्हणणारे आहेत. पुष्कळसं मिटतंही. डेटाबेस, रांग, शोध अशा चार सेवा लागणाऱ्या वेब प्रोजेक्टला मी कंटेनर चालवणारं डॉकर बिनदिक्कत घेईन. पण कंटेनर प्रश्न दुसऱ्या खोलीत ढकलतो, एवढं ध्यानात असू द्यावं. बाहेरच्या मशीनवर बसवलेलं नोड-मॉड्यूल्स आत जोडलं की ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ येतो, कारण आतली सिस्टीम वेगळी. कंटेनरने लिहिलेल्या फाइली बाहेर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, मालकीच्या होऊन बसतात. एआरएमच्या मशीनवर इंटेलसाठी बनवलेली इमेज ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देते, किंवा अनुवादावर रखडत चालते. आणि डीबगर आतल्या प्रोसेसला जोडणं हे वेगळंच प्रकरण. छोट्या लायब्ररीसाठी, जिथे एक व्हेन्व्ह पुरतं, तिथे कंटेनर म्हणजे डास मारायला तोफ.

सगळं लागलं की कोडला हात लावण्याआधी टेस्ट चालवायच्या. सीपायथॉनमध्ये ‘./पायथॉन -एम टेस्ट -जे०’. शून्य म्हणजे आहेत तेवढे कोअर वापर. ज्या टेस्ट आत्ताच, काही न बदलता, पडतात त्यांची यादी जपून ठेवायची. हे केलं नाही तर उद्या स्वतःच्या बदलावर नाहक आळ येतो. कोऱ्या कोडवर टेस्ट पडण्याची कारणंही मजेदार असतात. काहींना इंटरनेट लागतं. काही टाइमझोनवर अडतात. पूर्ण तासांचाच फरक गृहीत धरून लिहिलेला कोड अर्ध्या तासाच्या फरकाच्या टाइमझोनमध्ये उघडा पडतो. काही भाषेच्या सेटिंगवर: तुर्की सेटिंगमध्ये लहान ‘आय’चं मोठं अक्षर टिंबासकट होतं, आणि ‘मोठ्या अक्षरांत करून तुलना कर’ म्हणणारा कोड घसरतो. अशी एखादी टेस्ट पडली तर ती आपल्या मशीनची खोड म्हणून झटकू नये. कदाचित तोच तुमचा पहिला बग असतो, आणि प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरच्या मशीनवर तो दिसणं शक्यच नसतं.

म्हणून मशीन लावताना शेजारी एक साधी मजकूर फाइल उघडी ठेवावी आणि चालवलेली प्रत्येक कमांड, आलेला प्रत्येक एरर, त्यावर काय केलं, हे जसंच्या तसं लिहीत जावं. नवखेपणाचे डोळे एकदाच मिळतात. दुसऱ्या आठवड्यात तुम्हालाही उंबरा दिसेनासा होतो. त्या फाइलीतूनच कॉन्ट्रिब्यूटिंगमध्ये राहिलेली एक ओळ भरणारा पॅच निघतो. मदत मागायची वेळ आली तरी तीच कामी येते: सिस्टीम आणि तिची आवृत्ती, कुठल्या कमिटवर (गिटमध्ये नोंदलेल्या बदलावर) आहात, नेमकी कमांड, पहिला एरर मजकूर म्हणून, आणि करून पाहिलेले उपाय. स्क्रीनचा फोटो पाठवू नये. त्यातला मजकूर शोधता येत नाही.

कमिट करण्याआधी नाव आणि ईमेल तपासावं, कारण ते इतिहासात कायमचं जातं. ईमेल जाहीर नको असेल तर गिटहबचा ‘नोरिप्लाय’ पत्ता लावता येतो. लिनक्स कर्नलसारखे प्रोजेक्ट कमिटखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ (हा कोड देण्याचा हक्क मला आहे, अशी ग्वाही) मागतात. ही प्रथा २००४ मधली, आणि ‘गिट कमिट -एस’ ती ओळ स्वतः घालतं.

एवढं लावलेलं एन्व्हायरन्मेंट टिकत मात्र नाही. महिन्याभराने अपस्ट्रीम ओढलं की बिल्ड विनाकारण फुटतो. जुन्या बिल्डचे अवशेष नव्या कोडला भिडतात. अशा वेळी कुणीतरी ‘गिट क्लीन -एक्सडीएफ’ सुचवतं. गिटच्या हिशोबात नसलेलं सगळं त्याने साफ होतं: बिल्डचं फोल्डर, व्हेन्व्ह, पासवर्ड लिहिलेली ‘.ईएनव्ही’, आणि तुम्ही कमिट न केलेली ती नोंदींची मजकूर फाइलसुद्धा. आधी ‘-एफ’च्या जागी ‘-एन’ लिहून चालवा. काय जाणार याची फक्त यादी येते. ती वाचा, नोंदींची फाइल रेपोच्या बाहेर हलवा, आणि मग ‘-एफ’.